वळी

कुंभार वेशीत ड्रेनेजचा पाइप टाकायला
खणलं, तेव्हा निघाली ती खापरी,
तळहाताएवढी, पोटाकडून काळी.
मुकादम म्हणाला, टाका पलीकडं.
मी पदराला पुसून पाहिली.
आतून चाकाची रेघ नव्हती.
बोटं होती,
दाबलेली, रांगेखाली रांग,
आणि करंगळीची जागा जरा वाकडी.

चन्नव्वा आत्याला आता दिसत नाही.
तिच्या हातात दिली.
तिनं त्या खळग्यात बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं.
"रांजण," म्हणाली. "गळ्याखालचा तुकडा.
माझा नव्हे. माझ्या सासूचाही नव्हे.
चाकाला बाईचा हात चालत नव्हता गं,
मग चाकावर न बसणारं ते सगळं आमचं,
रांजण, कणग्या, चुली.
बाप्ये घागरी उडवायचे झरझरा,
आम्ही आपल्या रांजणाभोवती फिरायचो.
चाक कुठलं? आम्हीच चाक."
आणि हसली, खोकला येईपर्यंत.

माती हिप्परग्याच्या तळ्याची, पाणी हटल्यावरची.
लीद मौलालीकडून,
वरातीची घोडी तेवढी उरलीय त्याच्याकडं.
आणि जुन्या खापऱ्यांचा चुरा, चाळून.
"हीपण कुटू?" मी विचारलं.
"मग काय देव्हाऱ्यात ठेवणार?"
मी ती गुपचूप साडीच्या घडीत ठेवली.

दिवसभर मी टॉवेलच्या कारखान्यात.
धागा तुटतो, माग थांबतो,
गाठ मारली की पुन्हा खडखडाट.
रात्री वळी.
वातीसारखी नाही, शेवईसारखी नाही,
म्हशीच्या दाव्याएवढी जाड,
आणि गाठ दिसू द्यायची नाही.
दिवसाला चारच.
खालची फार ओली असली तर बसते,
फार सुकली तर वरचीला धरत नाही.
मग आतून गोटा, बाहेरून चोपणं,
थप थप, शेजारची भिंत वाजेपर्यंत.

वीरेशचा धंदा नळवाल्या माठांचा,
गुजरातहून ट्रक येतो, गवतात गुंडाळलेला.
"तुझ्या एका रांजणात माझा ट्रक संपतो," म्हणतो,
आणि खोटं नाही ते.
पहिला कमरेत बसला.
दुसरा भट्टीत गेला, पहाटे साडेतीनला,
त्याचा आवाज मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
धुराची तक्रार झाली,
कॉर्पोरेशनचा माणूस चहा पिऊन नोटीस देऊन गेला.

गड्ड्याच्या गर्दीतून अक्षता घेऊन आले
तर आत्या ओट्यावर एकटीच.
"कुंभाराची ती पोर," म्हणाली,
"योगदंडाशी लगीन लागतं तिचं दरसाल.
लाख माणूस अक्षता टाकतंय.
मडकी कशी करायची ती, कुणी विचारलंय का?"

त्या रात्री साडीची घडी उलगडली.
वरवंट्याखाली खापरी एकदम फुटली नाही,
आधी दोन झाली,
मग करंगळीचा तुकडा वेगळा पडला.
तोही घेतला.

तिसरा बोरामणीला दिराच्या शेतात भाजला,
उसाचं पाचट, गोवऱ्या, वर राख.
टेम्पोत सहा चादरींवर बसवून आणला,
उचलायला वीरेशच होता एका बाजूनं,
काही न बोलता, श्वास धरून.

चैत्रातलं ऊन. डांबर चपलेला चिकटतंय.
रांजण पाझरतोय, बुडाशी वाळू गार.
आत्या म्हणाली, रिकामा कर एकदा.
काखेपर्यंत हात आत घातला तिनं
आणि बुडापासून वर आली, वळी वळीनं,
बोटांवर काहीतरी मोजत.
पोटाशी थांबली.
"इथं घाई केलीस.
काय झालं होतं त्या दिवशी?"

मला आठवलं.
चार वळ्या व्हायच्या होत्या, तिसरी हातात होती,
गल्लीत ओरडा झाला,
सगळ्या बायका कळशा घेऊन पळाल्या.
पाचव्या दिवशी
नळाला पाणी आलं होतं.